हिवाळा १, सकाळचे सहा

काल रात्री झोपताना शेतात सोळा भोपळे होते. सकाळी सहाला कोंबडा आरवला, दार उघडलं, तर सगळं पांढरं आणि त्या पांढऱ्यात सोळा वाळकी खोडं.

स्टारड्यू व्हॅली या शेतीच्या खेळात ऋतू असा बदलतो. शरद २८ ला अंथरुणावर पडायचं, हिवाळा १ ला उठायचं. मधे हळूहळू गार होत जाणारे पंधरा दिवस वगैरे काही नाही. चूक माझीच होती. भोपळ्याला १३ दिवस लागतात, ऋतू २८ दिवसांचा, म्हणजे १५ तारखेला तरी बी पडायला हवं. मी १६ ला टाकलं. एका दिवसाने गेलो. बियाणं १०० चं एक, भोपळा विकला असता ३२० ला. हिशोब केला नाही.

भाचीला स्क्रीन दाखवली. ती म्हणाली, "मामा, सोळा तारखेला कोण भोपळा लावतं?" हस्त सरल्यावर शाळू पेरणाऱ्या शेजाऱ्याबद्दल आमचे अण्णा अगदी याच सुरात बोलतात.

*

पियरच्या दुकानात बियाण्यांची पाकिटं गायब. साखर, मैदा, तांदूळ, तेल, व्हिनेगर. निव्वळ वाणसामान.

कलमं मात्र होती. त्यातली मेख अशी की फळझाडाला मोठं व्हायला २८ दिवस लागतात आणि ते बर्फातही वाढतं. आज लावलं तर वसंत १ ला बहर तयार. चेरीचं कलम ३,४००, जर्दाळूचं २,०००. जर्दाळू घेतलं. भोवतीची आठ घरं मोकळी ठेवावी लागतात, नाहीतर झाड हट्टाने वाढत नाही. बर्फाच्या मैदानात एक काडी रोवून मागे सरून बघितलं. शेतकऱ्यापेक्षा सीमेचा दगड पुरणाऱ्या तलाठ्यासारखं वाटलं.

*

माझं या खेळाशी भांडण आहे ते इथे. थंडी म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे भरलेलं रान येतं. मंगळवेढ्याकडची काळी जमीन, छातीपर्यंत आलेला शाळू, कडेने करडईचा काटेरी पट्टा, हरभऱ्याच्या पानांवर दव आणि दवात उतरलेली आंब. पहाटे पांढरं धोतर हरभऱ्यावरून ओढत नेऊन ती आंब बाटलीत पिळून ठेवणाऱ्या बायका मी लहानपणी पाहिल्यात. पोटदुखीवर ते घरचं औषध. सगळी मजा थंडीतली.

आणि हा खेळ मला सांगतो की हिवाळ्यात काही उगवत नाही. अरे, आमच्याकडे तर उगवतंच हिवाळ्यात. पावसात उगवतं ते पावसाचं असतं; हिवाळ्यात उगवतं ते जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर. मालदांडी ज्वारीला पेरल्यानंतर वरून पाण्याचा थेंब मिळाला नाही तरी ती निसवते. माणसाने फक्त कोळपणी वेळेवर करायची, जमिनीच्या भेगा बुजवायच्या, म्हणजे ओल उडत नाही.

स्टारड्यूच्या जमिनीला ओल धरता येत नाही. आज पाणी घातलं की उद्या सकाळी कोरडी. ही माझी दुसरी तक्रार.

*

खेळ बनवणारा माणूस एकटा. एरिक बॅरोन. साडेचार वर्षं घरात बसून चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग, सगळं त्याने स्वतः केलं आणि २६ फेब्रुवारी २०१६ ला खेळ बाहेर आणला. राहणारा अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यातला, सिअॅटलच्या बाजूचा. गंमत म्हणजे सिअॅटलच्या डिसेंबरात बर्फापेक्षा पाऊसच जास्त. खेळात मात्र हिवाळ्यात पावसाचा एक थेंब पडत नाही, नुसता बर्फ. म्हणजे त्यानेही आपल्या खिडकीबाहेरचा हिवाळा घेतला नाही. नाताळच्या शुभेच्छापत्रावर असतो तसला घेतला असावा, हा माझा अंदाज.

*

भाचीने ऐकवलं, "मामा, हिवाळा म्हणजे सुट्टी असते. खाणीत जा, मासे पकड, लोकांना भेट."

खाणीत गेलो. मासे पकडले. लोकांना भेटलो. तीन दिवसांत कंटाळलो.

*

उकरणं. हे खरं हिवाळी काम निघालं. बर्फावर कुठेतरी मधूनच तीन बारीक काड्या वळवळताना दिसतात. तिथे कुदळ मारली की कधी जुनी नाणी-भांडी, कधी हिमकंद, कधी 'हिवाळी मूळ' नावाची गाठ निघते. हिमकंद १०० ला जातो, मूळ ७० ला. वरती रानात स्फटिकफळ आणि केशराच्या जातीची जांभळी फुलं वेचायला मिळतात.

या चार गोष्टी एकेक घेऊन हाताने बी बनवता येतं. चारांतून दहा बिया. त्या बर्फात पेरायच्या, सात दिवस पाणी घालायचं, आणि त्यातून पुन्हा तेच चार प्रकार उगवतात, कुठल्या बीतून काय येईल ते मात्र नशिबावर. म्हणजे हिवाळ्यात पीक घेता येतं! रानातलं वेचून आणलेलं शेतात लावायचं. शेतीची सुरुवात अशीच झाली असणार, बाया वेचून आणताना उकिरड्याशी चार दाणे सांडले असतील.

ही कला मात्र रानात पुरेसं वेचून हात बसल्याशिवाय येत नाही. माझा हात बसायचा होता.

*

नव्या आवृत्तीत, म्हणजे मार्च २०२४ च्या १.६ मध्ये, बॅरोनने एक खरंखुरं हिवाळी पीक दिलं. पावडरमेलन. पांढुरकं कलिंगड, बर्फाचा गोळा वाटावा असं. बी दुकानात नाही, उकरतानाच सापडतं. सात दिवसांत येतं आणि विकलं जातं ६० ला.

मला पाच बिया सापडल्या. घरासमोर पाच खड्डे केले, झारी घेतली आणि बर्फावर पाणी घालू लागलो. बर्फावर! नदीही न गोठलेली, झारी बुडवली की भरते. निफाडला पारा फारच उतरला की द्राक्षबागेत रात्री शेकोट्या पेटवतात आणि पाणी सोडतात, तेव्हा थंडीत पाणी देणं मला अगदीच परकं नाही. पण तिथे पाणी मण्यांना थंडीपासून वाचवायला देतात. इथे मी बर्फाला तहान लागली असं समजून देत होतो.

*

अण्णांचा फोन. शाळू निसवलाय, पाखरं सुरू झाली, राखणीला माणूस मिळत नाही. मी म्हणालो, "अण्णा, माझ्याकडे बर्फ पडलाय."

"पुण्यात?"

"नाही हो, खेळात. कॉम्प्युटरवर."

थोडा वेळ काही आवाज नाही. मग, "काय पेरलंय तिथं?"

"पांढरं कलिंगड."

"बर्फात कलिंगड?" आणि फोन आईकडे. आईने आवाज खाली आणून विचारलं, "तुझं तिकडं सगळं ठीक आहे ना?"

*

वैरण. यावर जास्त लिहायला हवं, कारण हिवाळ्याची खरी शेती गोठ्यातच होते.

माझ्याकडे दोन गाई, तीन कोंबड्या, दोन बदकं आणि शेवटच्या आठवड्यात घेतलेलं एक बकरीचं पिल्लू. आठ जित्राबं. प्रत्येकाला रोज एक पेंढी. २८ दिवसांचे झाले २२४. सायलो, म्हणजे वैरणीचं ते उंच पिंप, २४० पेंढ्या धरतं. हे आकडे मुद्दाम इतके जवळ ठेवलेत असं मला वाटतं, म्हणजे वेळेवर गवत कापणाऱ्याचा हिवाळा काठोकाठ निघावा आणि आळशाचा निघू नये. हिवाळा १ ला शेतातलं सगळं गवत नाहीसं होतं. उभं होतं ते गेलं, कापलं होतं ते उरलं.

मी पिंपात डोकावलो तेव्हा १५० होत्या. शरदात भोपळ्याच्या नादात विळा हातात धरला नव्हता. ७४ पेंढ्या कमी. गावातली जनावरांची दुकानदारीण मार्नी विकते, ५० ला एक. भोपळ्यांनी बुडवलं त्यात आणखी ३,७०० ची भर.

आमच्याकडे हे संकट उलट्या ऋतूत येतं. शाळू फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो, त्याचा कडबा बांधून गंजी रचायची, आणि तीच पावसाळ्यातलं हिरवं येईपर्यंत पुरवायची. चैत्र-वैशाखात कडब्याचा शेकड्याचा भाव काय झाला हे गावातला प्रत्येक जण विचारत असतो, जनावरं असोत नसोत. २०१९ च्या उन्हाळ्यात मंगळवेढा-सांगोला भागात चारा छावण्या होत्या. माणसं जनावरांसोबत तिथेच मुक्कामाला. मार्नीच्या दुकानात पेंढी कधी संपत नाही, हे तिच्या गावाचं भाग्य.

*

म्हणजे कुणी मंगळवेढ्यावर खेळ केला, तर त्यातला ओसाड ऋतू उन्हाळा असेल. उन्हाळा १, सकाळचे सहा, दार उघडल्यावर सगळं पिवळं. विहिरीत दोर सोडला की तळाला खणकन आवाज. पियरच्या जागी कृषी सेवा केंद्रवाला, त्याच्याकडे सध्या बियाणं नाही, "मृगाच्या आधी या". खेळणाऱ्याने करायची कामं: नांगरट, ढेकळं तापू देणं, शेणखत पसरणं, बांध घालणं, आणि सात लग्नांना हजेरी. प्रत्येक लग्नात अर्धा दिवस जाईल आणि मैत्रीचे गुण वाढतील.

हा खेळ मी खेळलो असतो.

*

आद्य खेळाविषयी. १९९६ साली जपानमध्ये सुपर फॅमिकॉमवर 'बोकुजो मोनोगातारी' आला, अमेरिकेत 'हार्व्हेस्ट मून' म्हणून गेला. बॅरोनने उघड उघड गुरू मानलेला तो हाच. त्या पहिल्या खेळात पिकं चारच: वसंतात सलगमासारखा कंद आणि बटाटा, उन्हाळ्यात मका आणि टोमॅटो. हिवाळा सोडाच, शरदातही काही लावता येत नाही. अर्धं वर्ष गाई-कोंबड्यांवर आणि लाकूडतोडीवर. त्या मानाने मला २८ दिवसच रिकामे मिळाले आणि मी रडतोय.

*

ट्रॅक्टरवाल्या खेळाची गोष्ट वेगळी. स्वित्झर्लंडच्या जायंट्स सॉफ्टवेअरचा 'फार्मिंग सिम्युलेटर २२' मी एका मित्राकडे पाहिला. तिथे गहू सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये कापतात. मधे त्यावर बर्फ पडतो, जातो, गव्हाला काही होत नाही. युरोपात खरंच असंच आहे. तिथल्या हिवाळी गव्हाला काही आठवडे कडाक्याची थंडी लागली नाही तर ओंबीच धरत नाही. आपला नोव्हेंबरात पेरून मार्चमध्ये निघणारा गहू त्यांच्या हिशोबात वसंती जातीचा, त्याला तेवढ्या थंडीची गरज नसते.

म्हणजे बर्फाखालीही पीक असतं, नुसतं वाढत नसतं. बॅरोनला हे ठाऊक नसेल असं नाही. पण पेरून सहा महिने वाट बघणारं पीक त्याच्या खेळात कोण लावेल? इथे सगळ्यात लांबचं बी २८ दिवसांचं, आणि तेही लोकांना लांब वाटतं. मी ट्रॅक्टर एकदा खड्ड्यात घातल्यावर मित्राने कंट्रोलर काढून घेतला.

*

काचघर. शेताच्या वरच्या अंगाला पहिल्या दिवसापासून एक मोडकं काचघर उभं असतं. गावातल्या पडक्या समाजमंदिरात कोठारासाठी सहा गाठोडी भरून द्यायची, वसंताची, उन्हाळ्याची, शरदाची पिकं, उत्तम प्रतीचा माल, जनावरांचं उत्पन्न आणि घरी केलेले पदार्थ, की एका रात्रीत ते दुरुस्त होतं. आत १२० घरांची काळी माती आणि बाहेर काहीही ऋतू असो, आत सगळं पिकतं. कावळे येत नाहीत. पाऊस मात्र आत पडत नाही, झारी सुटत नाही.

माझी पाच गाठोडी भरली होती. जनावरांच्या गाठोड्यात सहापैकी पाच वस्तू हव्यात. माझ्या चार झाल्या होत्या. उरल्या दोनच: लोकर किंवा बकरीचं मोठं दूध. मेंढीला आणखी मोठा गोठा लागतो. राहता राहिली चंद्री.

चंद्री म्हणजे ते बकरीचं पिल्लू, ४,००० ला घेतलेलं. माझी हिवाळी शेती आता एका बकरीच्या कासेवर अवलंबून होती.

*

चंद्री मोठी झाली. एक दिवसाआड दूध देते. छोटं दूध. मोठं दूध तिला माणसाचा लळा लागल्याशिवाय निघत नाही. मग रोज सकाळी गोठ्यात जाऊन तिला गोंजारायचं, वरती छोटं हृदय उमटेपर्यंत. थंडीत जनावरं उदास होतात म्हणून मार्नीकडून २,००० चा हीटर आणला. पावडरमेलनला पाणी, चंद्रीला माया, मग खाण. डिसेंबरात पुण्यात रात्री साडेअकराला हे सगळं चालू.

आमच्या घरी शेळ्या होत्या तेव्हा आई दूध काढताना त्यांच्याशी बोलायची. काय बोलायची ते आठवत नाही, तक्रारीच असाव्यात.

*

काचघरासाठी थांबलेलो असताना एलियट कोलमन या माणसाबद्दल वाचत बसलो. अमेरिकेच्या मेन राज्यात हार्बरसाइडला त्यांचं शेत, बर्फाचा मुलूख, आणि ते न तापवलेल्या पॉलिहाउसमध्ये, आत पिकावर आणखी एक पातळ कापड अंथरून, भर हिवाळ्यात पालक आणि गाजरं काढतात. त्यांचं म्हणणं असं की अडचण थंडीची कमी आणि उजेडाची जास्त. दिवस दहा तासांपेक्षा लहान झाला की रोपाची वाढ जवळजवळ थांबते. या काळाला त्यांनी पाताळात नेलेल्या ग्रीक देवकन्येचं, पर्सिफोनीचं नाव दिलंय. म्हणून पेरणी ऑगस्ट-सप्टेंबरात उरकायची, पीक त्या काळाआधी वाढवून ठेवायचं आणि मग हिवाळाभर मातीच्याच फडताळातून काढून खायचं.

पुण्याचा सगळ्यात लहान दिवस अकरा तासांच्या आसपास असतो. पर्सिफोनी आपल्याकडे फिरकतच नाही. शाळूचं सगळं गणित मला त्या एका वाक्यात कळलं, आणि अण्णांना फोन करून सांगावंसं वाटलं. पण बर्फातल्या कलिंगडानंतर जरा दमाने घ्यायचं ठरवलं.

स्टारड्यूच्या काचघराला उजेडाचा हिशोब नाही. तिथे हिवाळ्यातही टोमॅटो उन्हाळ्याच्याच वेगाने पिकतो.

*

हिवाळा १८. सरपंच लुईस यांची चिठ्ठी: २५ ला हिवाळताऱ्याचं जेवण, तुम्ही गुपचूप भेट द्यायची ती पॅमला.

पॅम म्हणजे बंद पडलेल्या बसची ड्रायव्हर. ट्रेलरमध्ये राहते, संध्याकाळी गुत्त्यात असते. तिला बिअर आवडते हे गाव जाणतं.

*

हिवाळा १९. चंद्रीने मोठं दूध दिलं!

समाजमंदिरापर्यंत धावत गेलो. भाचीला रात्री बारा वाजता फोटो पाठवला. तिने उत्तरात एक बकरीचं चित्र पाठवलं आणि "झोप आता."

*

हिवाळा २०. काचघर उघडलं. काचा चकचकीत, आत माती तयार, १२० घरं. आणि हातात काय? पियरकडे बियाणं नाही. वाळवंटातल्या दुकानात वर्षभर मिळतं, पण तिथे जाणारी बस तीच, पॅमची, बंद पडलेली. शुक्रवारी आणि रविवारी येणारी फिरती गाडी काल पाहिली होती. तिच्यात त्या दिवशी एक गालिचा आणि एक मासा.

महिनाभर काचघराच्या मागे लागलो आणि बी राखून ठेवायचं सुचलं नाही. आमच्या घरात ज्वारीची निवडक कणसं बेण्यासाठी आढ्याला टांगलेली असायची. उपासमार झाली तरी त्यांना हात लावायचा नाही, हा नियम. आजीने घालून दिलेला. आणि तिचा नातू, बियाण्याचं शेवटचं पाकीट विकून खाणीसाठी बॉम्ब घेऊन बसलेला.

सगळ्या पेट्या उपसल्या. लाकूड, दगड, शिंपले, जुनी बूटजोडी. तळाशी पार्सनिपच्या नऊ बिया निघाल्या. वसंतात लावायच्या राहून गेलेल्या. पार्सनिप म्हणजे पांढऱ्या गाजराचा चुलतभाऊ, चार दिवसांत येतो, ३५ ला विकला जातो. खेळातलं सगळ्यात क्षुल्लक पीक, पहिल्या दिवशी फुकट मिळतं ते.

नऊ लावले. १११ घरं रिकामी.

*

पावडरमेलन तर केव्हाच निघाले, हिवाळा १६ ला. पाचांचे तीनशे. चंद्रीच्या सहा पेंढ्यांचे.

*

अण्णांचा फोन. राखणीला चुलतभावाचा मुलगा मिळाला, गोफण त्याला जमत नाही, पत्र्याचा डबा वाजवत फिरतो. हुरडा पंधरा दिवसांत होईल. "या," म्हणाले, "पोरीला पण घेऊन या." मग थोडं थांबून: "तुझ्या कलिंगडाचं काय झालं?"

"निघालं, अण्णा. साठाला एक गेलं."

"बर्फातलं म्हटल्यावर जरा जास्त घ्यायला पाहिजे होतं."

*

हिवाळा २४. नऊही पार्सनिप तयार. काचेबाहेर बर्फ पडत होता, आत नऊ खड्डे. आठ विकायला टाकले, एक ठेवला.

हिवाळा २५. चौकात मोठं झाड, लांब टेबलं, सगळं गाव जेवायला. पॅमपुढे जाऊन पार्सनिप दिला. बिअर द्यायची असं गावाने गृहीत धरलं असतं. मला चुकून कुठेतरी वाचलेलं आठवत होतं की तिला पार्सनिपही तितकाच प्रिय आहे. तिचे डोळे मोठे झाले. डोक्यावर हृदय उमटलं.

घरी येऊन झोपलो. वसंत १ ला आणखी तीन रात्री, जर्दाळूला तेवढ्याच. पिंपात आठ जणांच्या तीन दिवसांच्या चोवीस पेंढ्या हव्यात, बावीसच निघाल्या. उद्या मार्नीकडे जायचं.